वाचक विचारतात: मोर्सची शेवटची फिल्म

गेल्या अंकात या पानावर ‘इन्स्पेक्टर मोर्स’च्या शेवटच्या फिल्मबद्दल लिहिलं आणि तेव्हापासून पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज जे सुरू झालेत ते अजून थांबायला तयार नाहीत, म्हणून बाकीचे सगळे प्रश्न पुढच्या अंकावर ढकललेत आणि आख्खं पान मोर्सलाच दिलंय. ज्यांचा तो अंक चुकला त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कॉलिन डेक्स्टरच्या कादंबऱ्यांवरून ब्रिटनच्या आयटीव्ही चॅनलनं १९८७ ते २००० या काळात ३३ फिल्म केल्या, एकेक दीड-पावणेदोन तासांची, सगळं घडतं ऑक्सफर्ड शहरात, जॉन थॉ हा चीफ इन्स्पेक्टर मोर्स आणि केव्हिन व्हेटली हा त्याचा सार्जंट लुईस. शेवटची फिल्म ‘द रिमोर्सफुल डे’, १५ नोव्हेंबर २००० ला दाखवली. यव्हॉन हॅरिसन नावाच्या नर्सचा जुना, न सुटलेला खून परत उकरून काढला जातो, मोर्सची तब्येत ढासळत चाललेली असते आणि शेवटी तो जातो. खाली हा शेवट उघड केलाय, खुनी कोण ते मात्र कुठंही सांगितलेलं नाही, तरी ज्यांना काहीच माहीत नसताना बघायचंय त्यांनी आधी बघून या.

मी आमच्या गावच्या जत्रेच्या नाटकांत कामं करतो. मला शेवट पटला नाही. इतकी वर्षं खुन्यांच्या मागं धावलेला माणूस, तो हार्ट ॲटॅकनं मरतो? निदान गोळी तरी लागायला हवी होती. आणि मारायचंच कशाला? आमच्याकडे नायक मेला तर लोक रुसतात.
— हौशी नट, पेडणे

गोळी लागली असती तर तो कुठल्याही पोलीस सिनेमातला इन्स्पेक्टर झाला असता हो. मोर्स कधी पिस्तूल घेऊन धावणारा नव्हताच, त्याला रक्त बघवत नाही, प्रेताजवळ गेला की तोंड फिरवतो, उंचावर गेला की पाय लटपटतात. त्याची सगळी मारामारी डोक्यात चालते, आणि डोकं चालायला त्याला बिअर लागते, जी तो जेवणाऐवजीसुद्धा घेतो आणि पैसे बहुतेक वेळा लुईसच्या खिशातून जातात. डॉक्टरचं ऐकायचं नाही, झोप नाही, घरी वाट बघणारं कोणी नाही, रात्री व्हिस्की आणि वाग्नर या जर्मन संगीतकाराची रेकॉर्ड. हे सगळं आपण पहिल्या फिल्मपासून बघत आलोय आणि त्यावर हसतही आलोय, आणि शेवटच्या फिल्मनं बाहेरून नवीन काही आणलंच नाही, जे तेरा वर्षं समोर होतं त्याचाच हिशेब केला. डेक्स्टरला स्वतःला डायबेटिस होता आणि कादंबऱ्यांत त्यानं तो मोर्सलाही दिला, त्यामुळे शरीर हळूहळू कसं हातातून जातं हे त्यानं लांबून लिहिलेलं नाही. मला तर हाच शेवट सगळ्यात खरा वाटतो.

आणि लोक रुसतात म्हणता, पण तुम्ही जत्रेतले नट आहात, ‘एकच प्याला’ तुम्हाला मी काय सांगायचं! गडकऱ्यांचं ते नाटक १९१९ पासून चालू आहे, सिंधू मरते, सुधाकर मरतो, आणि तरी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या लोक पहाटेपर्यंत बसून रडले आणि पुढच्या वर्षी परत तेच लावा म्हणाले. नायक मेला म्हणून प्रेक्षक रुसत नाही, उगाच मारला असं वाटलं की रुसतो. मोर्सला उगाच मारलेलं नाही. तुम्ही परत एकदा बघा, या वेळी केसकडे लक्ष न देता फक्त जॉन थॉच्या चालण्याकडे बघा, जिना चढताना, गाडीतून उतरताना. तुम्ही नट आहात, तुम्हाला ते दिसेल.

तो लॉनवर पडतो तेव्हा मागं जे गाणं चालू आहे ते मी ऐकलेलं आहे, आमच्या शेजारच्या अंकलच्या फ्युनरलला चर्चमध्ये कॉयरनं म्हटलं होतं असं वाटतं. तेच का ते?
— गृहिणी, मडगाव

तुमच्या कानाला दाद द्यायला हवी. ते गाब्रिएल फोरे या फ्रेंच संगीतकाराच्या ‘रेक्विएम’मधलं शेवटचं गाणं, ‘इन पारादिसुम’. रेक्विएम म्हणजे मेलेल्या माणसासाठीची मिस्सा, चर्चमधली प्रार्थना, फोरेची १८८८ मध्ये पॅरिसच्या मादलेन चर्चमध्ये पहिल्यांदा गायली गेली. आणि ‘इन पारादिसुम’चे लॅटिन शब्द जुन्या अंत्यविधीतले आहेत, देवदूत तुला स्वर्गात घेऊन जावोत अशा अर्थाचे. ते कधी म्हणतात माहितीय का? मिस्सा संपली, शवपेटी उचलली आणि चर्चमधून बाहेर कबरीकडे न्यायला निघाले की तेव्हा. तुमच्या अंकलच्या वेळी कॉयरनं फोरेची चाल म्हटली की दुसरी कुठली हे मी इथं बसून नाही सांगू शकत, पण शब्द तेच असणार.

आता फिल्ममधला तो सीन डोळ्यांसमोर आणा. एक्सेटर कॉलेजचं चौकोनी अंगण, मधे हिरवंगार लॉन, चॅपेलमधून कॉयरचा आवाज येतोय, मोर्स चालत येतो आणि पडतो. म्हणजे तो अजून जिवंत आहे आणि त्याला बाहेर नेण्याचं गाणं आधीच सुरू झालेलं आहे, पार्श्वसंगीत म्हणून वरून लावलेलं नाही, तिथंच कोणीतरी गातंय, त्याच्या कानावर पडतंय. मोर्सला संगीत कळतं, ते गाणं कुठल्या वेळचं हे त्याला माहीत असणार, आणि मला प्रत्येक वेळी तिथं वाटतं की त्याला त्या क्षणी सगळं कळलेलं आहे.

आणि आता दुसरी गोष्ट, जी बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. पहिली फिल्म ‘द डेड ऑफ जेरिको’ (६ जानेवारी १९८७), तिची सुरुवात आठवते का, एका बाजूला गॅरेजमध्ये गुंडांची गडबड आणि दुसऱ्या बाजूला कॉयरची प्रॅक्टिस, आणि मोर्स त्या कॉयरमध्ये उभा राहून गातोय! तिथंच त्याची ॲन नावाच्या बाईशी ओळख वाढते आणि पुढं तिच्याच मृत्यूचा तपास त्याच्याकडे येतो. म्हणजे आत आला तो कॉयरमधून, गेला तो कॉयरच्या आवाजात, फक्त शेवटी तो गाणाऱ्यांत नाही, बाहेर एकटा आहे. गोव्यात घराघरात कोणी ना कोणी व्हायोलिन शिकलेलं किंवा कॉयरमध्ये गायलेलं असतं, तुमच्या शेजाऱ्यांना हे दोन सीन लागोपाठ दाखवा आणि ते काय म्हणतात ते मला जरूर कळवा.

आम्ही घरी सगळ्यांनी बघितली. मला एकच गोष्ट फार लागली. लुईस शेवटी त्याच्याजवळ का नाही? तेरा वर्षं सोबत काढली आणि शेवटच्या घटकेला तो कामावर? लेखकाला दया आली नाही का?
— निवृत्त शिक्षिका, फोंडा

बाई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण या फिल्मचं मर्म तुम्ही बरोबर पकडलंय.

मोर्स हॉस्पिटलमध्ये आहे, लुईस तपासाच्या कामात बाहेर आहे, आणि मोर्सचे शेवटचे शब्द असे की लुईसला माझ्यातर्फे थँक्स सांगा. बस. म्हणजे जे तोंडावर कधी म्हटलं नाही ते शेवटी निरोप म्हणून पाठवलं. तुम्ही आधीच्या फिल्म बघितल्या असतील तर आठवा, मोर्स लुईसला किती टाकून बोलतो, त्याचं ग्रामर काढतो, त्याला ऑपेरा कळत नाही म्हणून नाक मुरडतो, घरी बायकोमुलं वाट बघतायत हे माहीत असून रात्री उशिरापर्यंत अडकवून ठेवतो. आणि लुईस? तो साहेबाच्या पाठीमागं त्याच्याबद्दल कोणाला वाईट बोलू देत नाही. १९९० ची ‘मॅसॉनिक मिस्टरीज’ मिळाली तर बघा, डॅनी बॉइलनं दिग्दर्शित केलेली, तिच्यात खुनाचा संशय खुद्द मोर्सवर येतो आणि सगळं जग उलटलेलं असताना लुईस काय करतो ते बघण्यासारखं आहे. असा माणूस शेवटी उशाशी बसलेला दाखवला असता तर दोघांनी काय बोलायचं होतं? मोर्सला ते जमलंच नसतं, काहीतरी खवचट बोलून त्यानं वेळ मारून नेली असती. लुईस तिथं नाही म्हणूनच त्याच्या तोंडून थँक्स निघालं असं मला ठाम वाटतं.

दया मात्र आहे. ती नंतर आहे, शवागारात. लुईस येतो, वाकतो, साहेबाच्या कपाळाचा मुका घेतो आणि “गुडबाय, सर” म्हणतो. तेरा वर्षांत त्या दोघांनी एकमेकांना नीट मिठीसुद्धा मारलेली आठवत नाही, इंग्रज माणसं ती, आणि मग हे. व्हेटली त्या ठिकाणी रडून दाखवत नाही, नुसता वाकतो, त्यामुळे रडायचं काम आपल्यावर येतं.

आणखी एक. त्याच फिल्ममध्ये आधी एक संध्याकाळ आहे, नदीकाठच्या पबमध्ये दोघं बसलेत, सूर्य बुडतोय आणि मोर्स ए. ई. हाउसमनच्या कवितेतल्या ओळी म्हणतो, फिल्मचं आणि कादंबरीचं नाव त्याच कवितेतून घेतलंय. हाउसमन ऑक्सफर्डच्या सेंट जॉन्स कॉलेजात शिकला आणि १८८१ साली शेवटच्या परीक्षेत नापास झाला, कादंबऱ्यांतला मोर्ससुद्धा त्याच कॉलेजातला आणि डिग्री न घेता बाहेर पडलेला. ज्याला आयुष्यभर आपण अर्धवट राहिलो असं वाटत आलं तो माणूस दुसऱ्या अर्धवट राहिलेल्याच्या ओळी म्हणतोय आणि ऐकायला कोण, तर लुईस, ज्याला कविता फारशी कळत नाही पण माणूस कळतो. निरोप घ्यायचा होता तो त्यांनी तिथं घेतला असं समजा. हॉस्पिटलात काही राहिलंच नव्हतं.

मी पोलीस खात्यात नोकरी करून रिटायर झालो. हे दोघंच फिरतात आणि केस सोडवतात हे खरं वाटतं का? आमच्याकडे एका खुनाला किती माणसं लागायची!
— निवृत्त पोलीस अधिकारी, म्हापसा

साहेब, तुमचं बरोबर आहे, तिकडेही असं होत नाही. चीफ इन्स्पेक्टर दर्जाचा माणूस दारोदार फिरून साक्षी घेत बसत नाही, मोठ्या खुनाला ब्रिटनमध्ये आख्खी टीम बसते, वेगळी खोली, वेगळे फाइल सांभाळणारे. १९८० च्या दशकातच, मालिका सुरू व्हायच्या जरा आधी, त्यांनी मोठ्या तपासांसाठी ‘होम्स’ नावाची कॉम्प्युटर सिस्टीम आणली, कारण यॉर्कशायरमधल्या एका सिरियल किलरच्या केसमध्ये कार्डांच्या ढिगाऱ्यात महत्त्वाची माहिती हरवून गेली होती आणि आरोपीला आधी बऱ्याच वेळा विचारपूस करून सोडून दिलं होतं. आणि १९८४ च्या कायद्यानं आरोपीची चौकशी कशी करायची, टेपवर कशी घ्यायची याचे कडक नियम आले. मोर्स यातलं फारसं काही मानत नाही आणि त्याचा साहेब चीफ सुपरिंटेंडंट स्ट्रेंज त्याच्यावर सतत ओरडत असतो, तेवढं मात्र तुम्हाला ओळखीचं वाटेल.

पण एक गोष्ट मालिकेनं अगदी खरी दाखवलीय आणि ती तुम्हाला माझ्याहून जास्त कळेल. मोर्सचा अंदाज बऱ्याचदा साफ चुकतो. पहिल्याच फिल्ममध्ये तो ग्रीक नाटकावरून एक भलीमोठी थिअरी रचतो, सगळं कसं जुळतंय म्हणून खूश होतो, आणि ती थिअरी सपशेल पडते. डिटेक्टिव्ह म्हणजे पहिल्या नजरेत सगळं ओळखणारा अशी आपल्याला सवय लागलेली असते, इथं तो चुकतो, चिडतो, परत पहिल्यापासून सुरू करतो. आणि बऱ्याच वेळा लुईस सहज काहीतरी बोलून जातो, बायकोनं काय म्हटलं, मुलाच्या शाळेत काय झालं, आणि त्यातून मोर्सला वाट सापडते. तुमच्या नोकरीत असा सोबतचा हवालदार किंवा पीएसआय नक्की भेटला असेल.

जॉन थॉ खरोखरच आजारी होता आणि म्हणून सिरीज बंद केली असं एका व्हिडिओत ऐकलं. खरं आहे का?
— वाचक, वास्को

नाही. मालिका संपली कारण डेक्स्टरनं १९९९ मध्ये आलेल्या तेराव्या कादंबरीत मोर्सला मारलं आणि फिल्म त्या कादंबरीवरून झाली. जॉन थॉला अन्ननलिकेचा कॅन्सर आहे हे २००१ मध्ये कळलं, फिल्म दाखवून झाल्यानंतर, आणि २१ फेब्रुवारी २००२ ला तो गेला, साठ वर्षांचा होता. तो खरंच मरत होता म्हणून अभिनय इतका चांगला झाला असं जे लोक म्हणतात ते मला अजिबात आवडत नाही, ती त्याची मेहनत आहे, तिचं श्रेय आजाराला का द्यायचं.

आपल्या सीआयडीला असा नीट शेवट का मिळाला नाही? वीस वर्षं बघितली, एक दिवस बंद. नंतर परत चालू. मला मोर्ससारखा एक शेवट एसीपी प्रद्युम्नला पण हवा होता.
— दुकानदार, कुडचडे

तुमच्यासारखं वाटणारे लाखो आहेत बघा. सीआयडी सोनीवर जानेवारी १९९८ मध्ये सुरू झाली, ऑक्टोबर २०१८ मध्ये थांबली, दीड हजाराच्या वर एपिसोड झाले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये परत आली. शिवाजी साटम यांना तर मराठी माणूस त्याच्याही आधीपासून ओळखतो, दूरदर्शनवरच्या ‘एक शून्य शून्य’पासून, त्यामुळे प्रद्युम्न म्हणजे आपल्या घरचाच साहेब. मधे प्रद्युम्न मेल्याचं दाखवलं तेव्हा लोक किती हळहळले ते तुम्हाला आठवत असेल, आणि मग ते परत आले.

फरक कशामुळे पडतो ते सांगतो. आपल्याकडे मालिका दर आठवड्याला चालत राहते, चॅनलला स्लॉट भरायचा असतो, टीआरपी आहे तोवर चालवा, नाही तर बंद करा, तिथं शेवटाचा विचार करायला कोणी मोकळाच नसतो. मोर्सचं उलट झालं. १९९३ पर्यंत दरवर्षी तीन-चार-पाच फिल्म असं चाललं, २८ झाल्या, आणि मग त्यांनी ठरवलं की आता सिरीज म्हणून बंद, फक्त अधूनमधून एक. म्हणून १९९५ ते २००० मध्ये फक्त पाच आल्या. माझ्या मते हा सगळ्यात शहाणा निर्णय होता, कारण मधल्या रिकाम्या काळात नट म्हातारे झाले, प्रेक्षकही झाले, आणि प्रत्येक नवीन फिल्म म्हणजे बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या माणसासारखी वाटायला लागली. १९९८ च्या ‘द वेंच इज डेड’मध्ये तर लुईस नाहीच, आणि ती फिल्म चांगली असूनही सारखं चुकल्यासारखं वाटतं, त्यामुळे शेवटच्या फिल्ममध्ये तो परत दिसला की जीव भांड्यात पडतो. आणि मागं पुस्तक होतं. लेखकानं शेवट लिहून ठेवलेला होता, चॅनलला तो बदलायचा नव्हता. सीआयडीच्या मागं एका लेखकाची कादंबरी नाही, तो सगळ्यांनी मिळून वाढवलेला संसार आहे, तो कोणी बंद करायचा?

तरी पण आशा सोडू नका. साटम साहेबांसाठी एक दीड तासाची फिल्म, एकच केस, दया आणि अभिजीत, आणि त्यात प्रद्युम्न रिटायर होतो एवढंच जरी केलं तरी आख्खा देश बघेल. मारायची गरज नाही.

मी कॉलेजला आहे, ३३ फिल्म बघायला वेळ नाही. डायरेक्ट शेवटची बघितली तर चालेल का? ॲक्सेंट पण समजत नाही.
— विद्यार्थिनी, डिचोली

नको गं, शेवटची डायरेक्ट बघू नकोस. तुला केस समजेल पण शवागारातला तो सीन तुझ्यासाठी नुसता एक माणूस दुसऱ्या माणसाच्या प्रेताचा निरोप घेतोय असा होईल. ३३ नकोत, पाच पुरे. आधी ‘द डेड ऑफ जेरिको’, मग ‘मॅसॉनिक मिस्टरीज’, मग १९९५ ची ‘द वे थ्रू द वुड्स’, मग १९९७ ची ‘डेथ इज नाऊ माय नेबर’ आणि मग शेवटची. सुट्टीत एका आठवड्यात होतील. पहिली जरा संथ वाटेल, पंधरा मिनिटं धीर धर, मोबाइल लांब ठेव. सबटायटल लाव आणि त्यात लाजायचं काही नाही, लुईस उत्तर इंग्लंडातल्या न्यूकॅसलकडचं बोलतो, ते इंग्लंडमधल्या बाकीच्या लोकांनासुद्धा पहिल्या झटक्यात कळत नाही. गंमत म्हणजे कादंबऱ्यांतला लुईस वेल्सचा आणि मोर्सपेक्षा वयानं मोठा आहे, टीव्हीवाल्यांनी त्याला तरुण केला आणि त्यामुळे दोघांचं जे नातं झालं ते पुस्तकांपेक्षाही मला सरस वाटतं.

मोर्सचं पहिलं नाव काय? आणि सुरुवातीच्या म्युझिकमध्ये टक-टक का येतं?
— वाचक, साखळी

नाव एंडेव्हर. ते मघाच्या यादीतल्या ‘डेथ इज नाऊ माय नेबर’मध्ये कळतं, आई क्वेकर पंथाची आणि वडील दर्यावर्दी कॅप्टन कुकचे भक्त, म्हणून पोराला कुकच्या जहाजाचं नाव. आडनाव डेक्स्टरनं सर जेरेमी मोर्स या बँकवाल्यांवरून घेतलं, ते शब्दकोडी सोडवण्यात पटाईत होते आणि डेक्स्टर स्वतः कोड्यांचा वेडा. टक-टक म्हणजे मोर्स कोड, तारायंत्राची टिंब-रेघांची भाषा, बॅरिंग्टन फेलुंग या ऑस्ट्रेलियन संगीतकारानं त्यात मोर्सचंच नाव वाजवलंय. काही फिल्ममध्ये तर त्यानं संगीतात कोडमधून आणखी नावंही लपवली, कधी खुन्याचं, कधी मुद्दाम फसवायला दुसऱ्याचंच.

आमचो पूत स्विंडनला असतो, जानेवारीत आम्ही दोघं जाणार आहोत. ऑक्सफर्ड जवळ आहे म्हणतो. मोर्सच्या कुठल्या जागा बघता येतील? गुडघे दुखतात, फार चालवणार नाही.
— ज्येष्ठ वाचक, कुंकळ्ळी

वा! स्विंडनला म्हणजे तिथं तुम्हाला गोंयकार शेजारीच मिळतील, अर्धं सासष्टी तिकडेच आहे. ट्रेननं डिडकॉटला गाडी बदलून ऑक्सफर्ड, बसही जाते, गुडघ्यांचा विचार करता बसच बघा, ती सरळ शहरात सोडते. जानेवारीत चार-साडेचारला अंधार पडायला लागतो तेव्हा सकाळीच निघा आणि आतून गरम कपडे घाला, फरशा ओल्या असतात.

एक सोडली तर सगळ्या जागा हाकेच्या अंतरावर आहेत हे बरं. पहिलं एक्सेटर कॉलेज, टर्ल स्ट्रीटवर, १३१४ सालचं. गेटवर पोर्टर बसतो, त्याला विचारा आज आत सोडतात का, कॉलेजांच्या वेळा बदलत असतात, मुलाला आदल्या दिवशी वेबसाइट बघून ठेवायला सांगा. आत गेलात की समोरच ते अंगण, लॉनवर पाय टाकू नका. चॅपेलमध्ये बसायला बाक आहेत, तिथं आरामात बसा आणि भिंतीवरची मोठी विणलेली टॅपेस्ट्री बघा, विल्यम मॉरिस आणि बर्न-जोन्स यांची, दोघंही त्याच कॉलेजचे विद्यार्थी. येशूच्या जन्मानंतर तीन राजे भेटायला येतात तो प्रसंग आहे, आपल्याकडे जानेवारीत रेईश मागुशची फेस्त होते ना, तेच ते तीन राजे.

तिथून ब्रॉड स्ट्रीटवर आलं की ‘व्हाइट हॉर्स’ नावाचा चिमुकला पब, तिथं शूटिंग झालेलं आहे, तिथंच जेवून घ्या. पुढं रँडॉल्फ हॉटेल, डेक्स्टर तिथं येऊन बसायचा आणि मोर्सच्या नावाचा बार आहे, आत चहा मागितला तरी चालतो. एक्सेटरजवळच रॅडक्लिफ कॅमेरा ही गोल घुमटाची इमारत दिसेल, ती जवळजवळ प्रत्येक फिल्ममध्ये आहे. सूर्यास्ताच्या सीनवाला पब, ‘व्हिक्टोरिया आर्म्स’, शहराबाहेर मार्स्टनला चेरवेल नदीवर आहे, तिथं चालत जायच्या भानगडीत पडू नका, मुलाची गाडी असेल तर परत येताना जा. पोलीस स्टेशनच्या बाहेर फोटो काढायचा हट्ट कोणी केला तर सोडून द्या, वेळ फुकट जाईल.

‘एंडेव्हर’ आणि ‘लुईस’ पण आहेत ना? आधी तरुण मोर्स बघून मग म्हातारा बघितला तर गोष्ट सरळ क्रमानं लागेल असं आमच्या ग्रुपमध्ये एकाचं म्हणणं. बरोबर का?
— मित्रमंडळ, काणकोण

काळाच्या हिशेबानं बरोबर, बघण्याच्या हिशेबानं नाही. ‘लुईस’ २००६ ते २०१५, आपला सार्जंट आता इन्स्पेक्टर झालाय, त्याच्याही ३३ फिल्म. ‘एंडेव्हर’ २०१२ ते २०२३, शॉन इव्हान्स तरुण मोर्स, रॉजर ॲलम त्याचा साहेब थर्सडे, ३६ फिल्म आणि सगळ्या रसेल लुईस या एकाच माणसानं लिहिलेल्या. २०१२ च्या पहिल्या फिल्मच्या शेवटी थर्सडे त्याला विचारतो की वीस वर्षांनी तू कुठं असशील, आणि हा गाडीच्या आरशात बघतो तर तिथं जॉन थॉचे डोळे दिसतात. १२ मार्च २०२३ ला दाखवलेल्या ‘एक्झिअंट’ या शेवटच्या फिल्ममध्येही म्हाताऱ्या मोर्सची ती लाल जॅग्वार गाडी येते. आणि डोरोथिया फ्रॅझिल नावाची जी पेपरवाली एडिटर आहे ती ॲबिगेल थॉ, जॉन थॉची मुलगी, ती पहिल्याच फिल्ममध्ये याला विचारते की आपण कुठं भेटलोय का. ज्यानं म्हातारा मोर्स बघितलेला नाही त्याला आरशातले ते डोळे कोणाचे हेच कळणार नाही, लाल गाडी नुसती गाडी वाटेल आणि ती पेपरवाली नुसती पेपरवाली. म्हणून आधी मोर्स, मग लुईस, मग एंडेव्हर, आणि ग्रुपमधल्या त्या मित्राला हे पान दाखवा.